दहावी विज्ञान भाग २ : अभ्यासक्रमाची यादी घेऊन उजळणी कशी करायची?

प्रश्न : मी दहावीत आहे, मराठी माध्यम. पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग २ मध्ये ४० पैकी २२ गुण मिळाले. बोर्डाच्या परीक्षेला सहा-सात आठवडे उरलेत. बाईंनी अभ्यासक्रमाची छापील यादी दिली आणि ‘यावरून उजळणी करा’ असं सांगितलं. मी एकेक धडा पुन्हा वाचते आणि यादीवर खूण करते. सगळ्या खुणा करून झाल्या, तरी प्रश्नपत्रिका समोर आली की काही आठवत नाही. अभ्यासक्रम वापरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : बाईंनी सांगितलं ते योग्यच आहे. तुझी मेहनतही कमी पडलेली नाही. फक्त तू ज्या गोष्टीची खूण करतेस ती बदलायला हवी. आत्ता तुझी खूण ‘हा मुद्दा वाचून झाला’ एवढंच सांगते. परीक्षेत मात्र वाचलं का हे कुणी विचारत नाही, तिथे लिहून दाखवावं लागतं. म्हणून आजपासून नियम असा: पुस्तक मिटलेलं, समोर कोरा कागद, आणि त्या मुद्द्यावर येऊ शकणारा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून झाला, तरच यादीवर खूण. फडताळावरच्या डब्यांची नावं वाचून डाळ किती उरली ते कळत नाही, झाकण उघडावंच लागतं. तुझ्या यादीचंही तसंच आहे.

मी बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासतो. ज्यांना विषय कळलेला असतो, पण कमी गुण पडतात, अशा मुलांच्या उत्तरपत्रिकांत एक गोष्ट सारखी दिसते. उत्तराची सुरुवात बरोबर असते आणि मग वाक्य मध्येच विरतं. धडा ओळखीचा झालेला असतो, पण तो मनातून कागदावर आणण्याची सवय झालेली नसते. ही सवय यादीच्या मदतीने लावता येते.

यादीत काय असतं आणि काय नसतं

बाईंनी दिलेल्या यादीत बहुधा दहा प्रकरणांची नावं असतील: आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १ आणि २, पर्यावरणीय व्यवस्थापन, हरित ऊर्जेच्या दिशेने, प्राण्यांचे वर्गीकरण, ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन. उजळणीसाठी ही नावं फार ढोबळ आहेत. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १’ यासमोर खूण केली तरी तुला त्यातलं नक्की काय येतं हे त्या खुणेवरून कळणार नाही.

बारीक यादी बालभारतीच्या पुस्तकातच आहे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला त्या धड्यातले उपघटक दिलेले असतात. मुलं ते ओलांडून थेट ‘थोडे आठवा’कडे जातात. पुस्तकाच्या पहिल्या पानांमध्ये ‘क्षमता विधाने’ही आहेत आणि ती तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्या वाक्यांच्या शेवटी ‘स्पष्ट करता येणे’, ‘ओळखता येणे’ असे शब्द असतात. तुझ्याकडून कोणती कृती अपेक्षित आहे, ते तिथेच लिहिलेलं आहे. एका वहीत दहाही धड्यांचे उपघटक उतरवून घे, प्रत्येकासमोर जागा सोड. एका दुपारचं काम आहे. हीच तुझी खरी यादी.

आता या यादीशेजारी प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठेव. यादी आणि आराखडा वेगवेगळे पाहिले तर निम्मीच माहिती मिळते. विज्ञान भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. प्रश्न १ मध्ये पाच गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि पाच गुण जोड्या, सहसंबंध, वेगळा घटक, चूक की बरोबर अशा एकेका गुणाच्या प्रश्नांना. प्रश्न २ (अ) मध्ये तीनपैकी दोन शास्त्रीय कारणे, चार गुण. प्रश्न २ (ब) मध्ये पाचपैकी तीन, सहा गुण. प्रश्न ३ मध्ये आठपैकी पाच, प्रत्येकी तीन, म्हणजे पंधरा गुण. प्रश्न ४ मध्ये दोनपैकी एक, पाच गुण.

बेरीज करून बघ. पेपरात एकूण ६० गुणांचे प्रश्न असतात आणि सोडवायचे ४० गुणांचे. मोठ्या प्रश्नांत निवड आहे, त्यामुळे एखादा मुद्दा कच्चा राहिला तरी वाट निघते. पहिल्या दहा गुणांना मात्र कसलाही पर्याय नाही आणि ते कुठल्याही धड्यावर येऊ शकतात. म्हणून ‘हा धडा सोडून देऊ, ऑप्शनला टाकू’ हा सल्ला मला पटत नाही. एकही धडा पूर्ण सोडायचा नाही, पण सगळे धडे सारख्या खोलीने करायचीही गरज नाही. दहाही धड्यांत एका गुणाइतकी तयारी हवी. तीन आणि पाच गुणांची तयारी मात्र निवडक मुद्द्यांची, आणि ती अगदी पक्की.

आधी पूर्वपरीक्षेचा पेपर काढ

नवीन काही वाचण्याआधी तुझी तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन बस. अठरा गुण गेलेत. प्रत्येक गुण कुठे गेला ते शोधून तुझ्या यादीतल्या त्या उपघटकासमोर लिही आणि शेजारी कारण लिही. कारणं साधारण चारच असतात: मुद्दा माहीतच नव्हता, माहीत होता पण लिहिता आला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. या चारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. माहीतच नसेल तर पुस्तकाकडे जायचं. लिहिता आलं नसेल तर पुन्हा वाचण्यात वेळ घालवायचा नाही, लिहायचंच. प्रश्न चुकीचा वाचला असेल तर ‘फरक स्पष्ट करा’, ‘कारणे द्या’, ‘थोडक्यात टीप लिहा’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लाव. वेळ कमी पडला असेल तर घड्याळ लावून पेपर सोडव. तुझे जास्त गुण दुसऱ्या कारणाने गेले असतील असा माझा अंदाज आहे, पण माझ्या अंदाजावर विसंबू नकोस. तुझा कागद काय म्हणतो ते बघ.

उपघटकाचा प्रश्न कसा करायचा

एक उपघटक पूर्ण करून दाखवतो. धडा दुसरा, त्यातला ‘पेशीस्तरावरील श्वसन’ हा उपघटक घेऊ. यादीत तो एका ओळीचा आहे. त्यातून प्रश्न किती निघतात बघ.

एका गुणाचे: ग्लायकोलायसिस पेशीत कुठे होतं? पेशीद्रव्यात. क्रेब चक्र कुठे? तंतुकणिकेत. एक ग्रॅम कर्बोदकांपासून किती ऊर्जा? ४ किलोकॅलरी. आणि स्निग्ध पदार्थांपासून? ९ किलोकॅलरी. ग्लायकोलायसिसच्या शेवटी काय तयार होतं? ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्ल, एटीपी, एनएडीएच२ आणि पाणी, प्रत्येकी दोन रेणू.

शास्त्रीय कारणे: ‘क्रेब चक्रालाच सायट्रिक आम्ल चक्र असे म्हणतात.’ ‘तंतुमय पदार्थ हे महत्त्वाचे पोषकतत्त्व आहे.’ ‘काही वेळा उच्चस्तरीय वनस्पती आणि प्राणीसुद्धा विनॉक्सिश्वसन करतात.’ ही सगळी स्वाध्यायातलीच आहेत.

फरक: ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन, ग्लायकोलायसिस आणि क्रेब चक्र.

तीन किंवा पाच गुणांचे: ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाच्या तीन पायऱ्या ओघतक्त्याने दाखव. कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींपासून ऊर्जा मिळण्याच्या वाटा असेटिल को-एन्झाइम ए पाशी कशा एकत्र येतात, ते आकृतीने दाखव.

एका ओळीच्या उपघटकातून दहाएक प्रश्न निघाले. आता पुस्तक मिटून ते लिही. जो प्रश्न अडखळत आला त्याला एक टिंब दे, जो आलाच नाही त्याला फुली, जो सरळ लिहून झाला त्याला बरोबरची खूण. फुलीच्या प्रश्नांसाठीच पुस्तक उघडायचं आणि तेवढाच परिच्छेद वाचायचा. सगळा धडा पुन्हा वाचायचा मोह होईल, कारण वाचताना बरं वाटतं. तो आवर.

हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे कारण आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुला जाणवतंय ते हेच आहे. धडा वाचून उठलीस की सगळं येतंय असं वाटतं, आणि परीक्षा मात्र त्या पाच मिनिटांत होत नाही.

प्रत्येक धड्याची जात वेगळी

सगळ्या धड्यांना एकच पद्धत लावू नकोस. धड्याचा मजकूर कसा आहे त्यावरून कागदावर काय उतरवायचं ते ठरव.

*प्राण्यांचे वर्गीकरण* हा तक्त्याचा धडा. या धड्यावर मुलं सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात लवकर विसरतात, कारण रंध्रीय प्राण्यांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत ओळीने वाचत जातात. त्याऐवजी रिकामा तक्ता आख. डावीकडे रंध्रीय, सिलेंटेराटा, चपटकृमी, गोलकृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, अर्धसमपृष्ठरज्जू, समपृष्ठरज्जू. वरती शरीराचं संघटन, सममिती, आद्यस्तर, देहगुहा, खंडीभवन, एक खास लक्षण, दोन उदाहरणं. पहिल्या दिवशी अर्धा तक्ताही भरणार नाही. काळजी नको, जेवढा भरला तेवढा भर आणि उरलेला पुस्तकातून वेगळ्या शाईने पूर्ण कर. दोन दिवसांनी पुन्हा रिकामा तक्ता. वेगळ्या शाईची घरं दर वेळी कमी होत जातील.

तक्ता पक्का झाला की शास्त्रीय कारणं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. ‘कासव जमिनीवर आणि पाण्यातही राहते, तरी ते उभयचर वर्गात गणले जात नाही’ याचं उत्तर तक्त्यातच आहे: कासवाची त्वचा कोरडी आणि खवलेयुक्त असते आणि ते फुप्फुसांनीच श्वसन करतं, ही सरीसृपांची लक्षणं. उभयचरांची त्वचा ओलसर, खवले नसलेली असते आणि ती श्वसनासाठीही उपयोगी पडते. जेलीफिशच्या स्पर्शाने दाह का होतो? सिलेंटेराटाच्या खास लक्षणाच्या घरात ‘दंशपेशी’ लिहिलं असेल, तर उत्तर तयार. बालानोग्लॉसस या अर्धसमपृष्ठरज्जू प्राण्याला असमपृष्ठरज्जू आणि समपृष्ठरज्जू प्राण्यांमधला दुवा का म्हणतात? त्याच्या ओळीच्या वरची आणि खालची घरं बघ, कारण दिसेल.

*ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची* हाही तक्त्याचाच धडा, पण सोपा. सूक्ष्मजीव, तो कशावर काम करतो, त्यातून काय मिळतं, एवढे तीन स्तंभ. दुधावर लॅक्टोबॅसिलाय, दही. उसाच्या मळीवर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, इथेनॉल. सायट्रिक आम्लासाठी अस्परजिलस नायगर. तेलगळती साफ करायला स्युडोमोनास. एक गुणाचे प्रश्न इथून हमखास येऊ शकतात आणि नावं नीट लिहिता यायला हवीत. ही नावं वाचून येत नाहीत, पाच-सहा वेळा लिहावी लागतात.

*आनुवंशिकता व उत्क्रांती* हा पुराव्यांचा धडा. प्रथिन संश्लेषणाचे प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण हे टप्पे क्रमाने, बाणांसह, काढता यायला हवेत. उत्क्रांतीच्या पुराव्यांत प्रत्येक प्रकारासमोर एक उदाहरण आणि ते पुरावा का ठरतं याचं एक वाक्य. इथे मुलांचे गुण जातात. ‘पेरीपॅटस हा जोडणारा दुवा आहे’ एवढं लिहून थांबतात. खंडीभूत शरीर आणि पातळ उपचर्म ही वलयी प्राण्यांसारखी, श्वासनलिका आणि खुली रक्ताभिसरण संस्था ही संधिपादांसारखी, हे दोन्ही लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. प्लॅटिपसचंही तसंच: सरीसृपांसारखी अंडी घालतो, पण सस्तनांसारख्या दुग्धग्रंथी आणि अंगावर केस. अवशेषांगांची यादी (आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ) सगळ्यांना येते. त्यांचा उत्क्रांतीशी संबंध सांगणारं वाक्य मात्र फार थोड्यांना लिहिता येतं.

*पेशीविभाजन* हा आकृतीचा भाग. सूत्री विभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था या चारही आकृत्या न बघता काढ आणि प्रत्येकीखाली एक वाक्य लिही: गुणसूत्रं या क्षणी कुठे आहेत आणि काय करताहेत. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यभागी विषुववृत्तीय प्रतलात रांगेने, पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू विभागून दोन टोकांकडे ओढली जाताना. नावं विसरलीस तरी चित्रावरून अवस्था ओळखता आली पाहिजे, कारण आकृती देऊन अवस्था विचारली जाऊ शकते.

आणि *सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २*. याबद्दल जरा मोकळेपणाने बोलतो. काही वर्गांत हा धडा घाईघाईने उरकला जातो, ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो, आणि मुलंमुली लाजून शंका विचारत नाहीत. तुझ्याकडे तसं झालं असेल तर तो भाग स्वतः नीट वाच आणि अडलं तर बाईंना नाहीतर आईला स्पष्ट विचार. स्त्री आणि पुरुष प्रजनन संस्थेच्या नामनिर्देशित आकृत्या, ऋतुचक्र आणि त्यातली चार संप्रेरकं, वनस्पतींमधलं दुहेरी फलन हे सगळे मोठ्या प्रश्नांचे मुद्दे आहेत. ऋतुचक्राची आकृती काढताना दिवसांची रेघ खाली घे आणि कोणतं संप्रेरक केव्हा वाढतं ते त्या रेघेवर मांड. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हा मुद्दा गुणांपलीकडेही महत्त्वाचा आहे. अजूनही कितीतरी घरांत मुलगी झाली की आईला बोल लावतात. दहावीच्या प्रत्येक मुलाला-मुलीला हे गुणसूत्रांच्या आकृतीसह समजावून सांगता यावं, असं मला मनापासून वाटतं.

*हरित ऊर्जेच्या दिशेने*, *सामाजिक आरोग्य* आणि *आपत्ती व्यवस्थापन* या तीन धड्यांचं यादीत दरवर्षी एकच होतं. मुलं या पेपरला ‘बायोचा पेपर’ म्हणतात, त्यामुळे हे धडे त्यांच्या मनातल्या यादीत नसतातच. पेपरात मात्र असतात. ऊर्जेच्या धड्याला एकच सांगाडा पुरतो: ऊर्जास्रोत, त्याने टर्बाइन फिरतं, टर्बाइनने जनित्र फिरतं, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वीज मिळते. औष्णिक, अणू, जल आणि पवन या चारही केंद्रांत टर्बाइन कशाने फिरतं एवढंच बदलतं. सौर विद्युतघटात टर्बाइनच नसतं, म्हणून तो वेगळा लिहायचा. उरलेल्या दोन धड्यांत स्वतःच्या शब्दांत लिहिण्याला वाव आहे, त्यामुळे थोड्या तयारीत चांगले गुण मिळू शकतात.

पर्यावरणाच्या धड्यातले आणि इतरत्र विखुरलेले कायदे एका चिठ्ठीवर आण: वन संवर्धन १९८०, पर्यावरण संरक्षण १९८६, माहिती तंत्रज्ञान २०००, जैवविविधता २००२, आपत्ती व्यवस्थापन २००५. पेशीविज्ञानाच्या धड्यातली डॉली मेंढी १९९६ आणि हरितक्रांती, श्वेतक्रांतीशी जोडलेली नॉर्मन बोरलॉग, स्वामिनाथन, कुरियन ही नावंही त्याच चिठ्ठीवर. ‘परिचय शास्त्रज्ञांचा’ आणि ‘माहीत आहे का तुम्हांला?’ या चौकटी एकदा नजरेखालून घाल, त्यावर रात्र जागवू नकोस.

सहा आठवडे कसे वापरायचे

रोज दोन धडे किंवा रोज अमुक तास असं वेळापत्रक मी देत नाही, कारण तुझ्या फुल्या कुठे आहेत ते मला माहीत नाही. ढोबळ क्रम सांगतो. पहिल्या दहा-बारा दिवसांत दहाही धड्यांचे प्रश्न तयार करून एक फेरी पूर्ण कर. ही फेरी कंटाळवाणी आणि थोडी खच्ची करणारी असते, कारण फुल्या जास्त दिसतात. त्या दिसायलाच हव्यात. आत्ता यादीवर दिसलेली फुली पेपरात पडत नाही.

दुसऱ्या फेरीत फक्त फुल्या आणि टिंबं. बरोबरची खूण असलेल्या प्रश्नांकडे लगेच वळायचं नाही, त्यांना आठवडाभर विसरायला वेळ द्यायचा आणि मग पुन्हा विचारायचं. आठवड्याने आला तर तो पक्का. फुलीचा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असा परत परत यायला हवा. प्रत्येक प्रश्नासमोर तारीख टाकत गेलीस की वहीच सांगेल आज काय करायचं. रोज सकाळी ‘आज कोणता धडा घेऊ’ यात जाणारा अर्धा तास वाचतो.

एक सावधगिरी. व्हिडिओ बघताना आणि गाइड वाचताना शेजारी आपली यादी ठेव. अर्धगुणसूत्री विभाजन किंवा क्रेब चक्र शिकवणारे पुष्कळ व्हिडिओ अकरावी-बारावीच्या खोलीचे असतात. ते चांगले असतील, पण त्यातल्या एन्झाइमांची नावं तुझ्या यादीत नाहीत. यादीत नसलेलं आत्ता शिकायचं नाही. आवड असेल तर परीक्षेनंतर जरूर बघ.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांचा सापळा

दुसरी फेरी संपत आली की जुन्या प्रश्नपत्रिका घे. सध्याचं पुस्तक २०१८-१९ या शैक्षणिक वर्षापासूनचं, म्हणून त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ ची. त्याआधीच्या पत्रिका वेगळ्या पुस्तकावरच्या आहेत, त्या सोडवून गोंधळ होईल. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही. २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. त्यामुळे ‘हा प्रश्न मागच्या इतक्या वर्षांत आलाच नाही’ असं मोजताना ते वर्ष धरू नकोस. तो भागच त्या वर्षी वगळलेला असू शकतो. जुलैच्या पुरवणी परीक्षांच्या पत्रिकाही मिळतात, त्या सरावाला छान.

पत्रिका सोडवून झाली की गुण मोजून थांबू नकोस. प्रत्येक प्रश्न तुझ्या यादीतल्या उपघटकाला जोड आणि शेजारी वर्ष लिही. चार-पाच पत्रिकांनंतर तुझ्या वहीत कोणता उपघटक कोणत्या रूपात विचारला जातो याचं चित्र तयार होईल. बाजारात मिळणाऱ्या ‘हमखास प्रश्नां’च्या याद्यांपेक्षा ते कितीतरी विश्वासाचं असतं, कारण ते तू स्वतः बघितलेलं आहे. तरी त्यावरून भाकीत करू नकोस. गेल्या वर्षी आलेला प्रश्न यंदा येणार नाही, असा कुठलाही नियम नाही.

गुण कशाला मिळतात

दोन तासांत ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटं मिळतात, त्यात आकृतीही आली. घरी घड्याळ लावून सोडवलंस की हा अंदाज हाताला येतो.

शास्त्रीय कारणात दोन गोष्टी हव्यात: कारण, आणि त्या कारणाचा प्रश्नातल्या विधानाशी संबंध. ‘क्रेब चक्राचा शोध सर हॅन्स क्रेब यांनी लावला’ एवढं लिहिलं तर माहिती बरोबर आहे, पण उत्तर नाही. ‘या चक्रात सर्वप्रथम सायट्रिक आम्लाचा रेणू तयार होतो, म्हणून यालाच सायट्रिक आम्ल चक्र म्हणतात’ हे उत्तर. फरकात दोन्ही बाजूंचे मुद्दे समोरासमोर आणि एकाच निकषावर हवेत. एका बाजूला ‘पेशीद्रव्यात होते’ लिहिलं तर दुसऱ्या बाजूला ‘तंतुकणिकेत होते’ हेच यायला हवं, तिथे एटीपीचा मुद्दा आला की फरक राहत नाही. आकृती पेन्सिलीने, मोठी, नावं एका बाजूला सरळ रेषेत आणि बाण त्या भागाला नेमका टेकलेला. हवेत थांबलेला बाण कोणत्या भागाचा आहे, हे तपासणाऱ्याला ठरवता येत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत फक्त तुझी वही. त्यातही टिंबं, उरलेल्या फुल्या, वर्गीकरणाचा तक्ता एकदा, पाच-सहा आकृत्या एकदा, आणि कायद्यांची चिठ्ठी. आदल्या दिवशी संध्याकाळी एखादी फुली शिल्लक राहिली तर तिथून तुला निदान एका गुणाचं काही लिहिता येईल का एवढं बघ आणि वही मिटून झोप.

पेपर हातात आला की प्रश्न ३ आणि ४ आधी वाचून निवड ठरवून टाक, मगच प्रश्न १ लिहायला घे. निवड करताना ‘हा धडा आवडतो’ हे कारण धरू नकोस. तुझ्या वहीत ज्या उपघटकासमोर दोनदा बरोबरची खूण झाली होती, तोच प्रश्न घे.